‘राहून गेलं’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयुष्याची घडी नव्याने बसवण्याबद्दल बोलणं निघालं की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची माझ्यापुरती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. काही लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत.

जाणीवपूर्वक जगणं म्हणजे नेमकं काय? पहाटे उठणं, ध्यान करणं, रोजनिशी लिहिणं?

त्यातलं काहीच केलं नाही तरी चालेल. आपण बोलताना ‘राहून गेलं’ असं म्हणतो. चित्रकला शिकायची राहून गेली, त्याला भेटायचं राहून गेलं. या वाक्यात कर्ताच नाही. जणू ती गोष्ट आपली आपणच मागे राहिली आणि आपण फक्त साक्षीदार होतो. खरं तर बहुतेक वेळा ‘मी हे करणार नाही’ असं कोणी ठरवलेलंच नसतं. ‘बघू’ म्हटलेलं असतं, आणि बघता बघता पंधरा वर्षं निघून जातात.

माझ्या लेखी जाणीवपूर्वक जगणं म्हणजे त्या वाक्यात कर्ता परत आणून बसवणं. ‘मी हे करणार आहे’ किंवा ‘मी हे करणार नाही’, दोन्हींतलं काहीही चालेल. फक्त ‘बघू’ला कधीतरी मुदत हवी.

माणसाला जास्त खंत कशाची वाटते, केलेल्या गोष्टीची की न केलेल्या?

ते तुम्ही कधी विचारता त्यावर आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली लोकांना दोन गुंतवणूकदारांची गोष्ट सांगितली. दोघांचं नुकसान सारखंच. एकाने शेअर बदलले म्हणून त्याचं नुकसान झालं, दुसऱ्याने बदलायचा विचार करून ते तसेच ठेवले म्हणून. जास्त हळहळ कोणाला वाटेल, असं विचारल्यावर बहुतेक सगळ्यांनी बदलणाऱ्याकडे बोट दाखवलं. नुसतं बसून पोळण्यापेक्षा हात घालून पोळणं ताज्या ताज्या जास्त झोंबतं.

पण काळ लोटला की पारडं फिरतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990च्या दशकाच्या मध्यावर हे दाखवून दिलं. अख्ख्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना लोक बहुतेक करून न केलेल्या गोष्टींची नावं घेतात. कारणंही समजण्यासारखी आहेत. केलेली चूक आपण निस्तरतो, माफी मागतो, ‘त्यातून शिकलो’ म्हणून तिची समजूत घालतो. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. ती कल्पनेत वाढत राहते, आणि कल्पनेत ती नेहमी यशस्वीच झालेली असते. शिवाय त्या वेळी जी भीती खरीखुरी होती, ती वीस वर्षांनी आठवतही नाही. मग ‘कशाला एवढी घाबरले होते मी?’ हा प्रश्न तेवढा मागे उरतो.

आपल्याकडे यासाठी शब्दही वेगवेगळे आहेत. पश्चात्ताप होतो तो केलेल्याचा. रुखरुख लागते ती बहुतेक राहिलेल्याची. पश्चात्ताप भडकतो आणि विझतो, रुखरुख मंद आचेवर राहते.

2018 साली शाय दाविदाई आणि गिलोविच यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. आयुष्यातली सर्वांत मोठी एकच खंत सांगा म्हटल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी ‘जसं व्हायचं होतं तसा मी झालो नाही’ या जातीची खंत सांगितली. ‘कर्तव्यात कसूर केली’ असं म्हणणारे बरेच कमी. कर्तव्य चुकलं की ते भरून काढायला आपण धावतो, आजूबाजूचेही धारेवर धरतात. मनातलं स्वप्न चुकलं तर विचारायला कोणी येत नाही.

मरणाच्या दारातल्या माणसांच्या खंतींची यादी सगळीकडे फिरत असते. तिच्यावर किती विसंबायचं?

ती यादी ऑस्ट्रेलियातल्या, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एका बाईंनी आपल्या आठवणींवरून लिहिली. स्वतःला पटेल तसं जगायला हवं होतं, इतकं काम करायला नको होतं, मित्र सांभाळायला हवे होते, वगैरे. मनाला भिडणारी आहे आणि बरीचशी खरीही वाटते. पण ती मोजून काढलेली नाही, हे ध्यानात ठेवावं.

माझी अडचण वेगळीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचा नसतो. ‘इतकं काम करायला नको होतं’ हे तिथून म्हणणं सोपं आहे. त्या कामाच्या पैशावर कोण शिकलं, कोणाचं ऑपरेशन झालं, हा जमाखर्च त्या वाक्यात येत नाही. म्हणून 80 वर्षांच्या स्वतःला सल्लागार म्हणून जरूर बोलवावं, पण सगळी मतं त्याच्या हाती देऊ नयेत. आजच्या तुम्हालाही एक मत आहे.

बरोबर निर्णय घेत गेलं तर खंत पूर्णपणे टाळता येईल का?

नाही. एक वाट धरली की दुसरी सुटतेच, आणि सुटलेल्या वाटेची आठवण येणं हा काही दोष नव्हे. कधीच कशाची खंत वाटू नये म्हणून धडपडणारा माणूस शेवटी काहीच निवडत नाही, आणि न निवडल्याची खंत त्याच्या वाट्याला येते. टाळायची ती नकळत झालेली हानी. डोळे उघडे ठेवून सोडलेल्या गोष्टीची हुरहुर सोसवते.

सुरुवात कुठून करू?

ध्येयांच्या यादीपासून नको. आधी आठवडा कुठे जातो ते बघा.

आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप धरली तर 56 गेले. काम आणि जाण्यायेण्याचे 55 धरू. उरले 57. हा आकडा ऐकून लोक चक्क भांडतात, ‘माझ्याकडे सत्तावन्न तास? शक्यच नाही.’ म्हणूनच सात दिवस कागद जवळ ठेवायचा आणि दर दोन तासांनी एक ओळ लिहायची. जे केलं तेच, करायला हवं होतं ते नाही. मी पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा मंगळवारी रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. टीव्ही पाहिला नव्हता, पुस्तक वाचलं नव्हतं, कोणाशी बोलले नव्हते. शेवटी ‘फोन हातात’ एवढंच लिहिलं. बुधवारीही तेच. गुरुवारी लिहायची लाज वाटली म्हणून चौकट कोरी सोडली. ती कोरी चौकट अजून त्या कागदावर आहे आणि बाकीच्या सगळ्या नोंदींपेक्षा मला तीच जास्त सांगून गेली.

आठवडा झाला की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. ही मी निवडलेली, ही मला करावीच लागणारी, ही आपोआप घडलेली. फेरमांडणी करायची ती तिसऱ्या खुणेच्या ओळींची. दुसऱ्या खुणेला लगेच हात घालू नका. जबाबदाऱ्यांशी पहिल्याच फटक्यात झुंज घेतली की माणूस हरतो आणि मग सगळंच सोडून देतो.

जोडीला एक हिशेब आणखी करून बघा. समजा तुमचे आईवडील सत्तरीचे आहेत, दुसऱ्या गावी राहतात, तुम्ही वर्षातून तीनदा जाता, दर खेपेला चार दिवस राहता. वर्षाचे झाले 12 दिवस. त्यांना आणखी 12 वर्षांचं धडधाकट आयुष्य धरलं तर एकूण 144 दिवस, म्हणजे पाच महिनेसुद्धा नाहीत. वाईट वाटून घेण्यासाठी हे मांडत नाही. चौथी खेप वाढवली तर आणखी 48 दिवस मिळतात. इतक्या स्वस्तात इतकं मोठं दुरुस्तीचं काम आयुष्यात क्वचितच होतं.

मुलं मोठी झाली, कामाचा हा रेटा संपला की वेळ मिळेलच. आत्ताच घाई कशाला?

गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी 2005 साली दाखवलं की पुढे आपल्या हाती पैसा जास्त असेल असं माणसाला फारसं वाटत नाही, पण वेळ मात्र जास्त असेल असं हमखास वाटतं. पैशाच्या बाबतीत आपण शहाणे असतो, वेळेच्या बाबतीत भाबडे. तीन महिन्यांनंतरच्या कामाला आपण झटकन ‘हो’ म्हणतो, कारण कॅलेंडरचं ते पान आज कोरं दिसतं. तो आठवडा उजाडतो तेव्हा तो या आठवड्याइतकाच गच्च असतो आणि आपण ‘कशाला हो म्हटलं’ म्हणत कपाळावर हात मारतो.

मी स्वतःला एक सवय लावली आहे. कोणी दोन महिन्यांनंतरचं काही मागितलं की मनात विचारायचं, ‘हे उद्या असतं तर मी हो म्हटलं असतं का?’ नसतं तर नाही सांगायचं. त्यामुळे काही माणसं दुखावली, हेही सांगायला हवं.

नोकरी सोडून मनासारखं काहीतरी करायचं आहे. सोडू का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आतून उत्तर माहीत असतं. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेले अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी याचाच प्रयोग केला. निर्णय अडलेल्या लोकांनी इंटरनेटवर नाणेफेक करायची आणि नाणं सांगेल ते करायचं. 20,000हून अधिक वेळा नाणं उडालं. मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी जागच्या जागी राहिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. अर्थात निर्णयासाठी नाणेफेकीपर्यंत पोचलेला माणूस आधीच कुंपणावर बसलेला असतो. त्यामुळे ‘बदल चांगला’ असं सरसकट म्हणता येत नाही. इतकंच म्हणता येईल की दोन्ही पारडी सारखी वाटत असतील तर आपण सवयीच्या पारड्याला गुपचूप वजन दिलेलं असण्याची शक्यता मोठी.

तरीही राजीनामा आधी लिहू नका. जे करायचं आहे ते लहान प्रमाणात, खऱ्या परिस्थितीत करून बघा. शिकवायचं असेल तर सहा आठवडे शनिवारी चार मुलांना शिकवा. लेखनावर जगायचं असेल तर पैसे देणाऱ्या कोणासाठी तरी मुदतीत एक काम करून द्या. त्या कामाचा कंटाळवाणा भाग कसा आहे ते पाहायचं. चांगला भाग काय, कल्पनेतही चांगलाच असतो. मुदत, हिशेब, वसुली, तेच तेच समजावून सांगणं, हे सगळं करूनही पुढच्या शनिवारची वाट पाहत असाल तर मग पैशांचा हिशेब मांडायला बसा. किती महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा, हा आकडा घरातल्यांसमोर ठरवायचा, एकट्याने मनात नाही.

निर्णय घेताना परतीची वाट ठेवलेली बरी ना?

घेण्यापूर्वी, हो. घेतल्यावर तीच वाट त्रास देते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या 2002च्या प्रयोगात छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायचा होता. काहींना निवड अंतिम आहे असं सांगितलं, काहींना नंतर बदलायची मुभा दिली. मुभा असलेल्यांना आपला फोटो कमी आवडला. दार बंद झालं की मन आहे त्याच्याशी जुळवून घेतं, उघडं राहिलं की उंबऱ्यावर उभं राहून आतबाहेर करतं. म्हणून आधी छोटे प्रयोग भरपूर करा, आणि एकदा ठरलं की ‘वर्षभर हा विषय काढायचा नाही’ असं स्वतःला बजावा.

करायच्या गोष्टींची यादी चाळीसच्या पुढे गेली आहे. हे सगळं कधी होणार?

होणार नाही, आणि व्हायलाही नको.

माझ्या कपाटावर एक व्हायोलिन होतं. तिशीत घेतलं, चार महिने शिकले, मग बदली, मग घरातलं आजारपण, आणि ते वर गेलं ते गेलंच. कपाट उघडताना पेटीचा काळा कोपरा दिसायचा आणि दिवसातून एकदा तरी टोचायचा. सात वर्षांनी एकदा पेटी खाली काढली. घोडी आडवी पडलेली, एक तार तुटून गुंडाळी झालेली, गजाचे केस झडून अर्धे उरलेले. ती राळेची वडी मात्र जशीच्या तशी होती, माझ्या तेव्हाच्या घासण्याच्या खुणांसकट. दुरुस्त करून पुन्हा वाजवायला लागावं असं वाटेल म्हणून थांबले. तसं वाटलं नाही. मला व्हायोलिन वाजवायचं नव्हतं. वाजवणारी बाई असल्यासारखं दिसायचं होतं.

सहकाऱ्याच्या मुलीला ते देऊन टाकलं. त्या दिवसापासून टोचणी गेली. म्हणून यादीतल्या प्रत्येक गोष्टीला विचारा, ‘हे मला करायचं आहे, की केलेलं असायला हवं आहे?’ दुसऱ्या जातीच्या गोष्टी समारंभाने खोडा. ‘सोडलं’ असं लिहून खाली तारीख घाला. नुसतं विसरून गेलात तर ती पुन्हा ‘राहून गेलं’च्या रांगेत येऊन उभी राहते.

चाळिसातल्या चार-पाच उरल्या तर पुष्कळ झाल्या.

ठरवते पण दोन आठवड्यांत सगळं बारगळतं. माझ्यातच काही कमी आहे का?

मनाच्या निर्धारावर जरा जास्तच भिस्त ठेवली जाते, एवढंच. पीटर गोलविट्झर यांनी एक साधी युक्ती अभ्यासली आहे. ‘मी व्यायाम करेन’ असं न ठरवता ‘अमुक घडलं की मी तमुक करेन’ असं ठरवायचं. संध्याकाळी घरात चप्पल काढली की बसण्याआधी ताईला फोन लावेन. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली अशा 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा या पद्धतीचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. एका वाक्याच्या बदलासाठी हे थोडं नाही.

21 दिवसांत सवय लागते हे ऐकून निराश झालेले खूप भेटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागलेले दिसले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा पंधराव्या दिवशी गाडी अडली तर ती बिघडलेली नाही, घाटात आहे.

घरच्यांना हे पटत नाही. ‘नसती खुळं’ म्हणतात.

त्यांच्या बाजूनेही बघा. तुमच्या बदलाचा खर्च कोणाच्या तरी खात्यातून जातो. तुम्ही रविवारची सकाळ स्वतःला दिलीत की ती सकाळ कोणीतरी सांभाळतं. आधी घोषणा आणि मग समजूत असा क्रम ठेवलात तर विरोध होणारच. ‘मला आयुष्य बदलायचंय’ म्हणण्यापेक्षा ‘दर गुरुवारी संध्याकाळी दीड तास मला हवा आहे, त्या बदल्यात मंगळवारचं सगळं मी बघते’ हे घरात पचतं. आणि ज्यांना स्वतःच्या गुरुवारी संध्याकाळचा दीड तास कधीच मिळालेला नाही, अशी माणसं घरात कोण आहेत, तेही एकदा मोजा.

माझं वय 58 आहे. आता काय उरलंय?

डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 18 ते 68 वयाच्या 19,000हून अधिक लोकांच्या उत्तरांवरून एक गंमत दाखवली. गेल्या दहा वर्षांत आपण किती बदललो हे प्रत्येक वयाची माणसं मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत बदल कमीच होईल असं सगळ्यांना वाटतं. अठराव्या वर्षीही माणसाला वाटतं की ‘झालो तो झालो’. तुम्हाला वाटतंय ते वयामुळे नाही, ते सगळ्यांनाच वाटतं.

जे होऊन गेलं आणि आता दुरुस्त होणारच नाही, त्या खंतीचं काय करायचं?

सगळ्या खंती एका जातीच्या नसतात. नील रोझ आणि एमी समरविल यांनी 2005 साली मांडलं की जिथे सुधारायची संधी अजून शिल्लक असते तिथली खंत जास्त तीव्र असते. त्यामुळे एखादी खंत फारच बोचत असेल तर आधी तपासून बघा, दार खरंच बंद आहे का? शिक्षणाचं, तुटलेल्या मैत्रीचं दार आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळदा नुसतं लोटलेलं असतं.

खरोखर बंद असेल तर दोन गोष्टी. एक, तेव्हाच्या स्वतःला आजची माहिती नव्हती. परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिका हातात घेऊन तेव्हाच्या विद्यार्थ्याला झोडपणं अन्याय आहे. दोन, गेलेल्या माणसाला जे सांगायचं होतं ते जिवंत असलेल्या कोणाला तरी सांगा. आणि ही खंत झोप, जेवण, काम यांवर आठवडेच्या आठवडे सावट धरून असेल तर असल्या उत्तरांवर थांबू नका, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

स्वप्नांची चित्रं कापून भिंतीवर लावावीत का?

भिंत छान दिसते.

हे सगळं सांगता, मग तुमचं काही राहिलं नाही का?

राहिलं. माझ्या आत्याला आमच्या अख्ख्या खानदानाची नाती, भांडणं, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं तोंडपाठ होतं. एक दिवस निवांत बसून ते रेकॉर्ड करायचं, असं मी पाच वर्षं म्हणत होते. फोनमध्ये रेकॉर्डर होता, तिच्या घराकडे जाणारा रस्ता पायाखालचा होता. आणि तिला बोलायला आवडायचं, हे तर काय सांगू.

ती गेल्यावर फोन धुंडाळला तेव्हा तिचा एकच आवाजी निरोप सापडला, नऊ सेकंदांचा. त्यात ती विचारते, ‘पोचलीस का? आणि मागच्या दाराला कडी लावली होतीस ना गं?’ लावली होती की नाही, मला आठवत नाही. त्या महिन्यात आईकडे गेले तेव्हा फोन टेबलावर उलटा ठेवून रेकॉर्डर चालू केला. पहिली चाळीस मिनिटं ती शेजारच्यांच्या गळक्या नळाबद्दलच बोलली. ती फाईल मी जपून ठेवली आहे.